तणावा आवळला तरी पुन्हा ढिला: कारखान्यातल्या हवामान-मास्टचं जुनं दुखणं

तक्रार साधारण अशी असते. आवारात तीस किंवा पन्नास मीटरचा जाळीचा मास्ट, तीन दिशांना तणावे (मास्टला जमिनीकडे ओढून धरणाऱ्या तारा), वर वाऱ्याचा वेग मोजणारे कप आणि दिशेची वेन, खाली नोंदी साठवणाऱ्या लॉगरची पेटी. पावसाळा सरला की एखादा तणावा झोळ टाकून लोंबताना दिसतो. मेंटेनन्सचे लोक येतात, टर्नबकलला (तार आवळायच्या आटेवाल्या दुव्याला) दोन-चार फेरे देतात, टेन्शन मीटरवर आकडा बघतात, रजिस्टरात ‘ओके’ लिहून जातात. मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा तेच. असं दोन-तीन वर्षं चालतं आणि मग एके दिवशी गेटवरचा सिक्युरिटीवाला विचारतो, “साहेब, हा टॉवर त्या बाजूला कललाय का हो?” मीटर लावून बघावं तर तिन्ही तणाव्यांचा ताण अगदी नेमका.

मीटर बिघडलेलं नसतं आणि आवळणारे कामचुकारही नसतात. ढिला दिसतो तोच तणावा दोषी, हे गृहीत धरण्यात घोळ आहे. बऱ्याचदा दोष दुसऱ्याच बाजूला असतो आणि आवळल्याने तो जात नाही, फक्त झाकला जातो.

तिघांचा तोल

एका पातळीवरचे तीन तणावे एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. वारा नसताना मास्ट स्थिर उभा आहे, याचा अर्थ त्या तिघांची आडवी ओढ एकमेकांना तोलून धरते आहे. आता समजा ईशान्येचा अँकर, म्हणजे तणावा जमिनीत धरून ठेवणारा रॉड आणि ठोकळा, दोन सेंटिमीटर वर सरकला. त्या बाजूची ओढ कमी झाली, म्हणून उरलेले दोघे मास्टला आपल्याकडे खेचतात. मास्ट त्यांच्याकडे झुकला की त्यांचाही ताण उतरतो. तिघांची ओढ पुन्हा सारखी होईपर्यंत हे चालतं. शेवटी काय दिसतं? तिन्ही तणावे जवळजवळ सारखेच ढिले, आणि मास्ट खराब अँकरच्या उलट दिशेला किंचित कललेला. कुठला अँकर सुटला हे मीटर सांगू शकत नाही, कारण ताण तिघांचाही सारखाच उतरलेला असतो. सर्वात वरच्या पातळीवर हे अगदी स्पष्ट दिसतं. मधल्या पातळ्यांवर मास्टचा स्वतःचा ताठपणा थोडी ओढ वाटून घेतो, त्यामुळे आकडे थोडे वेगळे येतात.

मग एकच तणावा जास्त ढिला का दिसतो? डोळ्यांना ताण दिसत नाही, झोळ दिसतो. झोळ तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जमीन उताराची असेल तर उताराकडचा तणावा लांब असतो. चाळीस मीटरच्या तारेच्या मानाने पंचावन्न मीटरच्या तारेचा झोळ त्याच ताणाला जवळजवळ दुप्पट दिसतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी-ठोसेघरच्या बाजूला सड्याच्या कडेवर उभ्या केलेल्या मास्टांवर हे कायम बघायला मिळतं. दरीकडचा तणावा नेहमीच ‘बिचारा’ असतो.

आणि मग रिगर (तणावे बांधणारा कामगार) म्हणतो, “साहेब, हाच ढिला आहे, दोन फेरे मारतो.” त्याने तो आवळला की मास्ट त्या बाजूला आणखी झुकतो, उरलेले दोघेही ताणले जातात, तिन्हींचा ताण हवा तेवढा भरतो आणि मीटर खूश. सुटलेला अँकर तसाच राहिला आणि कल मात्र वाढला. दर हंगामाला तेवढी भर पडत जाते.

म्हणून आमच्याकडचा क्रम ठरलेला आहे: आधी ओळंबा, मग ताण, मग पाना. पाना हातात घेऊनच मास्टकडे जाणाऱ्याला मी आधी थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊन पाठवतो.

ओळंबा काय सांगतो

मास्टपासून निदान त्याच्या उंचीइतकं लांब जा आणि एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन ठिकाणांहून थिओडोलाइट लावा. टोटल स्टेशन असेल तर उत्तमच. सकाळी, वारा पडलेला असताना आणि ऊन चढायच्या आत हे काम उरका. दुपारी मास्टची एक बाजू तापलेली असते आणि वाराही असतो, तेव्हाच्या मापाला अर्थ नाही. तणावेवाल्या मास्टसाठी उंचीच्या चारशेव्या भागापर्यंतचा कल चालतो असं धरलं जातं. म्हणजे ३० मीटरला ७५ मिलिमीटर, ५० मीटरला १२५. फक्त टोक आणि पाया बघून थांबू नका. प्रत्येक तणाव्याच्या पातळीवर माप घ्या, कारण खरी बातमी तिथेच आहे.

मास्ट पायापासून टोकापर्यंत सरळ रेषेत एका बाजूला कललेला असेल तर संशय अँकरवर. एका दिशेचे सगळ्या पातळ्यांचे तणावे बहुतेक एकाच अँकरला बांधलेले असतात. तो सरकला की सगळ्या पातळ्या मिळून कलतात. ज्या दिशेला कल आहे तिच्या उलट बाजूचा अँकर पहिला तपासा.

मास्ट खाली सरळ, वरही जवळपास सरळ, पण मध्ये एका पातळीवर बाक आला असेल तर अँकर निर्दोष आहे. त्या पातळीचा एखादा तणावा क्लॅम्पमधून सरकलाय, तारेचं टोक धरणारी ग्रिप सुटलीय किंवा मास्टवरचा लग (तणावा अडकवायचा कान) वाकलाय.

ओळंबा ठीक आहे आणि सगळ्याच पातळ्यांवर, सगळ्याच दिशांना ताण उतरलाय असं असेल तर दोन शक्यता. एक, पाया बसलाय. दोन, मागची नोंद थंडीतली होती आणि आजची उन्हाळ्यातली आहे. दुसरी शक्यता लोक फार हलक्यात घेतात, तिच्याकडे पुढे येतो.

चौथा प्रकार पिळाचा. मास्टच्या पायथ्याशी उभं राहून एका पायाच्या रेषेने वर बघत जा. जाळी वर जाताना वळत गेलेली दिसली तर एखाद्या पातळीवर तणावे मास्टच्या मध्यातून न ओढता एका कडेने ओढतायत. फांदीसारखे हात बाहेर काढून जिथे एका कोपऱ्याला दोन-दोन तणावे बांधलेले असतात, तिथे त्या जोडीतला एक ढिला पडला की पीळ पडतो. पिळाचा वाऱ्याच्या आकड्यांवर थेट परिणाम होतो. कलाचा तसा होत नाही. ५० मीटरवर अर्धा मीटर कल म्हणजे जेमतेम अर्धा अंश. कपांना त्याची जाणीवही होत नाही. डेटा बघणारा माणूस “सगळं ठीक आहे” म्हणत असतो आणि मास्ट पडायच्या वाटेवर असतो, हे त्यामुळेच घडतं.

ताण मोजताना

सुरुवातीचा ताण साधारणपणे तारेच्या तुटण्याच्या भाराच्या दहा टक्के ठेवतात. मास्टच्या ड्रॉइंगवर प्रत्येक पातळीचा आकडा आणि तो कोणत्या तापमानाचा हे लिहिलेलं असतं, तोच प्रमाण. ड्रॉइंग हरवलं असेल, आणि जुन्या कारखान्यांत ते हरवलेलंच असतं, तर आधी तार कुठली आहे ते ठरवा. पाव इंची एक्स्ट्रा हाय स्ट्रेंग्थ तार असेल तर तुटण्याचा भार सुमारे ३,००० किलो, म्हणजे ताण ३०० किलोच्या आसपास.

मीटर नसेल, किंवा मीटरवर विश्वास नसेल, तर घड्याळाने ताण मोजता येतो. मला ही पद्धत मीटरपेक्षा आवडते, कारण तिला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट लागत नाही. अँकरजवळ तारेवर हाताची कड जोरात मारा. बसलेला धक्का तारेतून वर मास्टपर्यंत जातो आणि परत येतो. दुसरा हात तारेवर हलका ठेवला तर परतीचा ठोका स्पष्ट जाणवतो. असे दहा ठोके मोजा आणि स्टॉपवॉचवर सेकंद बघा. दहाला सेकंदांनी भागलं की वारंवारता मिळते. मग ताण = ४ × तारेचं दर मीटरचं वजन (किलो) × लांबीचा वर्ग (मीटर) × वारंवारतेचा वर्ग. उत्तर न्यूटनमध्ये येतं, त्याला ९.८१ ने भागलं की किलो.

पाव इंची तारेचं वजन मीटरला सुमारे ०.१८ किलो असतं. तणावा ४० मीटरचा धरा. दहा ठोक्यांना ६.२ सेकंद लागले तर ताण ३,००० न्यूटनच्या जवळ, म्हणजे ३०० किलोच्या थोडा वर. सगळं व्यवस्थित. त्याच तारेला ८ सेकंद लागले तर ताण १,८०० न्यूटन, म्हणजे १८३ किलो. दोन सेकंदांहूनही कमी फरक, पण ताण चाळीस टक्क्यांनी उतरलेला. त्यामुळे घड्याळ नीट चालवा, तीनदा मोजा, सरासरी घ्या. तारेवर पक्ष्यांसाठी लावलेले मार्कर, प्लास्टिकच्या नळ्या किंवा डॅम्पर असतील तर या पद्धतीने आकडा चुकतो, तिथे मीटरच वापरा.

आता तापमान. उन्हात तार वाढते, पण मास्टही लोखंडाचाच असल्याने तोही उंच होतो आणि तारेचा थोडा ढिलेपणा परत खातो. जमिनीशी ४५ अंशांचा कोन करणाऱ्या तणाव्यात साधारण निम्मा परिणाम उरतो. तरीही २० अंश सेल्सिअसच्या फरकाला वरच्याच पाव इंची तारेत हिशेबाने सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलो ताण बदलतो. ३०० किलोच्या तणाव्यात हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. विदर्भात मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत ३० अंशांचं अंतर सहज पडतं. मे महिन्यातल्या दुपारी ३०० किलोला आवळलेला तणावा डिसेंबरच्या पहाटे वीणेच्या तारेसारखा टणक होतो, मग मंद सलग वाऱ्यात तो बारीक थरथरू लागतो आणि त्या थरथरीने क्लॅम्पचे नट आणि टर्नबकल सैल होतात. म्हणजे जास्त आवळणं हेसुद्धा ढिलं पडण्याचं एक कारण आहे. रजिस्टरात ताणाच्या शेजारी तापमान आणि वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा तुलनेला निरुपयोगी.

टर्नबकलवरचे आटे हेच रजिस्टर

टर्नबकलच्या बाहेर किती आटे उरलेत ते प्रत्येक वेळी पट्टीने मोजून लिहा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप उघडी पडते. एका दिशेचे सगळे टर्नबकल हळूहळू आत आत गेलेत, बाकीच्या दोन दिशांचे जिथल्या तिथे. असं असेल तर या एका दिशेचा अँकर सरकतोय, किंवा दुसऱ्याच दिशेचा सरकतोय आणि लोक भरपाई इथे करतायत. दोन्हींतलं कुठलं, हे ओळंबा सांगेल. टर्नबकल संपत आला म्हणून तार पुन्हा बांधून नवा टर्नबकल लावायची वेळ आली असेल, तर तो कामाचा विषय राहिलेला नाही, धोक्याची सूचना आहे.

टर्नबकलला सेफ्टी वायर घातलेली आहे का तेही बघा. बॉडीतून आणि दोन्ही टोकांच्या जबड्यांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवलेली वायर नसेल तर थरथरीने तो स्वतःहून उलटा फिरतो. हुकवाले टर्नबकल तणाव्याला कधीच वापरू नका, पिनवाल्या जबड्याचेच घ्या.

क्लॅम्पची गोष्ट थोडक्यात. यू-बोल्ट क्लॅम्पची गादी ओढीच्या तारेवर आणि यू-बोल्ट शेपटाच्या तारेवर (वळवून आणलेल्या मोकळ्या टोकावर), याच्या उलट बसवलेले क्लॅम्प अजूनही दर दुसऱ्या साइटवर सापडतात. उलटा यू-बोल्ट ओढीची तार चेपतो आणि तिची ताकद तिथेच घटते. पाव इंची क्लॅम्पला टॉर्क २० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि पहिला भार आल्यावर पुन्हा एकदा टॉर्क द्यावाच लागतो, कारण तार दबून बारीक होते. शेपूट जिथे क्लॅम्पमधून बाहेर येतं तिथे ऑइल पेंटची एक रेघ क्लॅम्पवर आणि तारेवर मिळून मारा. पुढच्या फेरीला रेघ तुटलेली दिसली तर तार सरकली. याला कुठलंही उपकरण लागत नाही. गुंडाळून बसवायच्या तयार ग्रिप असतील तर त्या जुन्या झाल्यावर काढून पुन्हा बसवू नका. नवी ग्रिप स्वस्त असते.

जमिनीखालची बाजू

आता मुख्य गुन्हेगार. माझ्या अनुभवात वारंवार ढिलं पडणाऱ्या मास्टांपैकी बहुतेकांचं मूळ जमिनीखाली निघतं, आणि ते दोन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार काळ्या मातीचा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ओलाव्याची ही ये-जा खोलवर पोचते. इमारतींसाठी अंडररीम पाइल (तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) याच कारणाने साधारण साडेतीन मीटर खोल नेतात. आणि मास्टचा काँक्रीट ठोकळा मात्र सव्वा मीटरवर बसवून मोकळे झालेले ठेकेदार मी कितीतरी पाहिलेत. हा ठोकळा दर पावसाळ्यात मातीबरोबर हलतो आणि तणाव्याची ओढ सतत वरच्या बाजूला असल्याने परतताना पूर्ण खाली येत नाही. एप्रिल-मे मध्ये अँकर रॉडजवळ गुडघे टेकून बघा. रॉडच्या कडेने मातीत गोल फट पडलेली दिसेल, कधी बोट जाईल एवढी. रॉडच्या मास्टकडच्या अंगाला माती दाबून चकाकते आणि मागच्या अंगाला फट रुंद असते. पहिल्या पावसाचं पाणी याच फटीतून सरळ ठोकळ्यापर्यंत उतरतं. सरकणारा अँकर ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही. रॉडवर जमिनीलगत रंगाची खूण करा, शेजारी एक खुंटी ठोका आणि दोन्हींतलं अंतर हंगामातून दोनदा मोजा. खुंटीही काळ्या मातीतच आहे हे विसरू नका. शक्य असेल तर माप जवळच्या इमारतीच्या पक्क्या पायावरून घ्या.

यावर उपाय आवळण्याचा नाही. मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत पोचणारा नवा अँकर, जुन्याच्या मागे त्याच रेषेत. कोकणातल्या आणि सड्यांवरच्या जांभ्यात उलट अडचण असते. वर कठीण कवच, खाली मऊ माती. कवचात चार बोटं भोक पाडून रॉड ग्राउट केला की मजबूत वाटतो, पण कवचच भेगाळलेलं असेल तर ते रॉडसकट उचललं जातं. ग्राउट केलेल्या अँकरची ओढ-चाचणी केल्याशिवाय त्यावर तणावा बांधू नये.

दुसरा प्रकार गंजाचा, आणि हा जास्त भीतीदायक, कारण तो शेवटपर्यंत काहीच दाखवत नाही. मास्टला विजेपासून वाचवायला तांब्याच्या पट्टीचं आणि तांब्याच्या रॉडचं अर्थिंग केलेलं असतं. तणावे लोखंडी, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला अँकर रॉड तणाव्यातून आणि मास्टमधून त्या तांब्याला विजेच्या अंगाने जोडलेला असतो. मध्ये ओली माती. झाली बॅटरी तयार. यात तांबं शाबूत राहतं आणि अँकर झिजतो, आधी जस्त, मग पोलाद. झीज बहुतेक वेळा जमिनीखाली एक-दोन फुटांवर, काँक्रीटमधून रॉड मातीत येतो त्या जागेपर्यंत होते. वरचा भाग नव्यासारखा चमकत असतो. २० मिलिमीटरचा रॉड १६ वर आला म्हणजे छेदाचं एक तृतीयांशाहून जास्त क्षेत्रफळ गेलं. कारखान्याच्या आवारात सांडपाणी मुरत असेल, खताचं किंवा मिठाचं पाणी वाहून येत असेल, तर हे आणखी वेगाने होतं.

हे बघायला खणावंच लागतं, पण खणताना दोन गोष्टी पक्क्या. पहिली, एका वेळी एकच अँकर, आणि तोही तात्पुरत्या अँकरवर तणाव्यांचा भार टिरफोरने (तार ओढायच्या हातयंत्राने) घेतल्यावरच. दुसरी, फक्त रॉडभोवती अरुंद खड्डा हाताने खणा, जेसीबी लावू नका. ठोकळ्यावरची माती हाच त्या ठोकळ्याचा खरा भार आहे. ती उपसली की बघायला गेलेला अँकरच हातात येतो. रॉड घासून साफ करा, व्हर्नियरने सर्वात बारीक जागी माप घ्या, फोटो काढा, माती परत थरांनी धुमसून भरा.

अर्थिंगमध्ये तांब्याऐवजी गॅल्व्हनाइज्ड पट्टी आणि इलेक्ट्रोड वापरले तर हा त्रास मुळातच कमी होतो. चोरांच्या कृपेने अनेक साइटवर तांब्याची पट्टी आपोआप नाहीशी झालेली असते, पण तो उपाय म्हणता येणार नाही, कारण मग वळवाच्या पावसात वीज कुठून जमिनीत जाणार? जिथे तांबं काढणं शक्य नाही तिथे अँकरला मॅग्नेशियमचा त्यागी ॲनोड, म्हणजे अँकरऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, जोडतात. तो संपतो, म्हणून त्याचीही तपासणी वेळापत्रकात घालावी लागते.

सिमेंट कारखान्यांसाठी एक वेगळी सूचना. धूळ आणि दव मिळून तारेवर करडा पापुद्रा धरतो. लांबून तार छान दिसते. पापुद्रा वायर ब्रशने काढल्याशिवाय ‘गंज नाही’ असं लिहू नका, कारण तीव्र अल्कलीतही जस्त टिकत नाही. कूलिंग टॉवरवरून येणारा वारा ज्यावर पडतो त्या तणाव्याचंही तसंच. तो रोज खारट तुषारांत न्हातो, त्यामुळे तीन तणाव्यांतला तोच आधी खराब होतो.

आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका: हा मास्ट इथलाच आहे का? कारखाने एका साइटवरून मास्ट उचलून दुसरीकडे उभा करतात. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला आणि नाशिकला सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईला आणि नागपूरला ४४ मीटर दिलाय. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पुण्याचा मास्ट नागपूरला नेला की त्यावर सत्तावीस टक्के जादा दाब. त्याच तारा, तोच ठोकळा. मग दर वादळानंतर ढिलं पडणं हा बिघाड नव्हे, मास्ट त्या जागेसाठी अपुरा आहे.

सरळ करताना

कारण सापडून दुरुस्त झाल्यावरच पाना. कलाचा अंदाज न घेता कुणी वर चढू नये, आणि अँकरबद्दल शंका असताना तर मुळीच नाही. आधी तात्पुरता आधार, मग चढाई. वर्क परमिट, फुल बॉडी हार्नेस, दुहेरी लॅनयार्ड, आणि मास्टच्या उंचीएवढ्या त्रिज्येच्या परिघात इतर कामं बंद. परिघात पाइप रॅक किंवा ट्रान्सफॉर्मर येत असेल तर शटडाउनची वेळ साधा.

सर्वात खालच्या पातळीपासून सुरू करून वर जा. एका पातळीचे तिन्ही तणावे मिळून हलवायचे: एका बाजूला आवळायचं असेल तर समोरच्या दोघांना थोडं सोडायचं, एक-एक फेऱ्याने, आणि दोन्ही थिओडोलाइटवाले वॉकी-टॉकीवर आकडा सांगत असताना. वरची पातळी जुळवली की खालची थोडी बिघडते, म्हणून एक फेरी पूर्ण झाल्यावर पुन्हा खालून सुरुवात. घाई असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

मास्ट सरळ झाला की वेन राहते. मास्टला पीळ होता आणि तो काढला असेल तर वेनची उत्तर आता सरकली आहे. वायूच्या गळतीच्या वेळी कुठल्या गेटने बाहेर पडायचं हे ज्या वेनवरून ठरतं, तिच्यात दहा अंशांची चूक म्हणजे कागदावरची चूक नव्हे. मास्टच्या लोखंडाला टेकून होकायंत्र धरू नका. बूमच्या (उपकरणं धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) रेषेत लांब जाऊन उभं राहा, किंवा बूमवरून एखादं धुराडं किंवा पाण्याची टाकी नजरेत धरून जीपीएसने त्या दोन ठिकाणांची दिशा काढा.

जुन्या आकड्यांत चूक कधीपासून आहे हेही बऱ्याचदा शोधता येतं. एकाच उंचीवर समोरासमोर दोन कप असतील तर त्यांच्या वेगांचं गुणोत्तर दिशेप्रमाणे मांडा. मास्टच्या सावलीत येणाऱ्या दिशांना त्यात एक खाच आणि एक उंचवटा दिसतो. या दोन खुणा एखाद्या महिन्यापासून सरकल्या असतील तर वेन तिच्या क्लॅम्पमध्ये फिरली आहे. खुणा जागच्या जागी आहेत पण वाऱ्याची नेहमीची दिशाच सरकलेली वाटते, जून ते ऑगस्टचा नैऋत्य-पश्चिमेचा वारा अचानक वायव्येचा झालाय, तर मास्ट पूर्ण पिळला होता आणि कप, बूम, वेन सगळे मिळून फिरले होते. पहिल्या बाबतीत वेनचा क्लॅम्प बदलून भागतं. दुसऱ्या बाबतीत त्या तारखेच्या आसपासचं टर्नबकलचं रजिस्टर काढा आणि त्या आठवड्यात कुणी, कुठला तणावा, किती फेरे आवळला होता ते बघा.